भूमिका उभी करताना भाव आधी की तंत्र आधी? हौशी नटांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जत्रेचं नाटक असो, कला अकादमीची नाट्यस्पर्धा असो की कॉलेजची एकांकिका, तालमी सुरू झाल्या की नवे-जुने कलाकार हे प्रश्न हमखास विचारतात. दिवसभर नोकरी, दुकान, बागायत सांभाळून रात्री देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या हॉलमध्ये तालमीला येणारा गोव्यातला नट डोळ्यांसमोर ठेवून इथे उत्तरं दिली आहेत.

‘भावनिक’ आणि ‘तांत्रिक’ अभिनय म्हणजे नेमकं काय?

काही नट आधी पात्राच्या मनात शिरतात. त्याला काय बोचतंय, काय हवंय हे कळलं की चाल, नजर, आवाज आपोआप येईल, असा त्यांचा भरवसा असतो. काही जण उलट जातात. ते आधी चाल ठरवतात, आवाजाची पट्टी ठरवतात, हात कुठे असतील ते ठरवतात आणि त्या वाटेनं मनापर्यंत पोचतात. पहिल्याला आपल्याकडे ‘आतून करणारा’ म्हणतात, दुसऱ्याला ‘टेक्निकल नट’. ‘टेक्निकल’ म्हणण्यात बऱ्याचदा किंचित तुच्छता असते, ती मला अजिबात पटत नाही.

भरताने नाट्यशास्त्रात आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेश-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (मनाच्या एकाग्रतेतून येणारा) असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव. घाम, काटा, थरथर, रंग उडणं, डोळ्यांत पाणी या गोष्टी हुकमानं येत नाहीत, मन एकाग्र झालं तरच येतात, हे त्याने ओळखलं होतं. तरीही त्यांची गणना त्याने अभिनयातच केली, म्हणजे साधनेच्या कक्षेतच ठेवली.

सुरुवात कुठून करायची?

पात्राला काय हवंय, इथून. ‘त्याला काय वाटतं’ इथून नको.

‘मी दुःखी आहे’ हे करून दाखवता येत नाही. करायला गेलं की चेहरा आंबट होतो आणि आवाज ओढला जातो, एवढंच. ‘भावानं मला थांबवावं असं मला वाटतं’ हे मात्र करता येतं. त्यासाठी नट दारापर्यंत हळू जाईल, पिशवी पुन्हा खाली ठेवेल, उगाच काहीतरी विचारेल. तेव्हा स्टेजवर भावनेच्या मागे लागू नये. पात्राला काय हवंय ते पकडावं, ते मिळवण्यासाठी शरीर आणि आवाज काय करतील ते पक्कं बसवावं. भावना त्या करण्यातून येते, आणि एखाद्या रात्री कमी आली तरी प्रवेश कोसळत नाही.

रशियन नट-दिग्दर्शक कॉन्स्तान्तिन स्तानिस्लाव्हस्की (१८६३–१९३८) यांचा प्रवास या बाबतीत फार शिकवणारा आहे. सुरुवातीच्या काळात ते नटाच्या भावस्मृतीवर, म्हणजे स्वतःच्या आयुष्यातल्या भावना आठवण्यावर, भर देत होते. आयुष्याच्या उत्तरार्धात ते शारीरिक कृतींकडे वळले: पात्र या क्षणी काय *करतंय* ते नेमकं करा, मन मागून येईल. आपल्याकडे त्यांचं नाव ‘आतून अभिनय’ एवढ्यापुरतंच घेतलं जातं. हा दुसरा भाग तालमीत कुणी सांगत नाही.

एखाद्या प्रसंगावर हे प्रत्यक्ष कसं करायचं?

सरावासाठी रचलेला एक प्रसंग घेऊ. धारबांदोड्याकडचा एक म्हातारा ट्रकमालक. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, तेव्हापासून त्याचा ट्रक अंगणात उभा. आज मुलाने गिऱ्हाईक आणलंय. टेबलावर विक्रीचे कागद.

मुलगा: बाबा, इथे सही करा.
बाबा: चष्मा कुठे ठेवलाय माझा?
मुलगा: खिशात आहे तुमच्या.
बाबा: पुढचे दोन टायर नवे आहेत. सांगितलंस त्यांना?
मुलगा: सांगितलं.
बाबा: पेन दे.

बहुतेक नट पहिल्याच वाचनात हे रडक्या आवाजात वाचतात. संवादात रडणं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून आधी प्रश्न विचारायचे. ट्रक कर्जावर घेतला होता का? हप्ते फिटले की राहिले? पावसाळ्यात त्यावर ताडपत्री कोण घालत होतं? रोज सकाळी इंजिन चालू करून बघायची सवय कधी सुटली? यांची उत्तरं संहितेत नसतील, नटाने ती स्वतः ठरवायची आणि वहीत लिहायची. ‘फार वाईट दिवस होते’ असलं मोघम उत्तर चालणार नाही. ‘डाव्या बाजूच्या आरशाला मुलीनं शाळेत असताना फुलांची माळ बांधली होती, तिचा दोरा अजून आहे’ असं उत्तर उपयोगी पडतं.

मग त्याला काय हवंय? माझ्या मते त्याला सही टाळायची नाही. सही करावी लागणार हे त्याला ठाऊक आहे. मुलानं एकदा तरी ‘राहू दे बाबा’ म्हणावं, एवढंच त्याला हवंय. आता प्रत्येक वाक्याला एक क्रियापद मिळतं. चष्म्याचं वाक्य वेळ काढण्यासाठी. टायरचं वाक्य ट्रक अजून चालू शकतो हे पटवण्यासाठी. ‘पेन दे’ म्हणजे हार मान्य करणं.

इथपर्यंतचं काम आतलं. आता बाहेरचं. ट्रकची किल्ली बाबाच्या डाव्या मुठीत आहे, प्रवेश सुरू झाल्यापासून. चष्मा खिशात आहे हे त्याला माहीत असतं, तरी उजवा हात टेबल चाचपतो. ‘खिशात आहे’ ऐकल्यावर हात थांबतो, लगेच खिशाकडे जात नाही. टायरचं वाक्य तो कागदाकडे बघून बोलतो आणि ‘सांगितलंस त्यांना?’ला पहिल्यांदा मुलाकडे बघतो. मुलगा बघत नाही. पेन हातात आल्यावर कागद सरकतो. तो धरायला डावा हात लागणार, म्हणजे किल्ली खाली ठेवावी लागणार. तो ती ठेवतो.

किल्ली कुठे ठेवायची हा शुद्ध तंत्राचा प्रश्न आहे. प्रेक्षकांच्या बाजूच्या हातात असेल तरच ती शेवटच्या रांगेला दिसेल, म्हणून टेबल कुठे लावायचं आणि बाबानं कुठल्या अंगाला बसायचं हे किल्लीवरून ठरतं. टेबलावर कापड नको, कारण ठेवल्याचा आवाज ऐकू यायला हवा. ‘पेन दे’च्या आधी पूर्ण श्वास सोडायचा आणि उरलेल्या श्वासावर ते दोन शब्द बोलायचे. आवाज आपोआप खालच्या पट्टीत येतो, ओढूनताणून आणावा लागत नाही.

आता प्रयोगाच्या वेळी नटाने कशाकडे लक्ष द्यायचं? दुःखाकडे अजिबात नाही. मुलगा माझ्याकडे बघतोय का, एवढ्याकडेच. हे सगळं नीट बसलं असेल तर किल्ली सोडताना बोटं जरा उशिरा उघडतात. ती बोटं कुणी बसवलेली नसतात. भाव आणि तंत्र एकत्र येणं म्हणजे माझ्या लेखी हेच.

स्वतःच्या आयुष्यातलं दुःख आठवून भूमिका करावी का?

तालमीत, जपून, क्वचित. प्रयोगात नाही.

या मुद्द्यावर अमेरिकेत मोठा वाद झाला. अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्ग यांनी नटाच्या खऱ्या आठवणींना मध्यवर्ती स्थान दिलं. त्यांच्याच ‘ग्रुप थिएटर’ या नाट्यसंस्थेतल्या अभिनेत्री स्टेला अॅडलर १९३४ मध्ये पॅरिसला स्तानिस्लाव्हस्कींना भेटल्या आणि परत येऊन त्यांनी कल्पनाशक्ती आणि नाटकातल्या परिस्थितीवर भर द्यायला हवा असं मांडलं. स्ट्रासबर्ग स्वतःसुद्धा ताजी जखम वापरू देत नसत, आठवण निदान सात वर्षांपूर्वीची असावी असा त्यांचा दंडक होता.

माझा कल अॅडलर यांच्या बाजूचा आहे, आणि कारण व्यवहाराचं आहे. आजीच्या मृत्यूची आठवण काढणारा नट त्या क्षणी आजीबरोबर असतो, समोरच्या पात्राबरोबर नसतो. त्याची नजर आत वळते आणि प्रवेशात एक भोक पडतं. शिवाय तीच आठवण रोज उगाळली की ती बोथट होते, मग नट आणखी जवळची जखम शोधतो. हौशी मंडळींकडे त्यानंतर सावरायला कुणी माणूसही नसतो. अलीकडेच घरात मृत्यू झालेल्या कलाकाराला ‘तेच आठव’ असं कुठल्याही दिग्दर्शकाने सांगू नये.

आठवणीचा एक चांगला उपयोग आहे. भावना सोडून तिचे तपशील घ्यायचे. बातमी कळली तेव्हा माणसं काय करत होती? कुणी गॅस बंद केला, कुणी चपला सरळ करून ठेवल्या. ते तपशील पात्राला द्या.

रडू येतच नाही. काय करू?

रडू नका. पंधराव्या रांगेतल्या माणसाला तुमच्या डोळ्यांतलं पाणी दिसतच नाही. त्याला तुमचे खांदे, मान आणि आवाज दिसतो, ऐकू येतो. खरा रडणारा माणूस रडू आवरायचा प्रयत्न करत असतो, तेव्हा आवरण्याचं काम करा: बोलणं पुरं करायचंय आणि घसा साथ देत नाही.

श्वासाची मदत घ्या. शरीर आधी आणि भावना मागून, असं मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्येच मांडलं होतं. पुढे चिलीच्या संशोधक सुझाना ब्लोक यांनी मूळ भावनांचे श्वासाचे वेगवेगळे नमुने अभ्यासून ते नटांना शिकवले. साधा प्रयोग करून बघा. नाकाने तुकड्यातुकड्यांत श्वास आत घ्या आणि तोंडाने एकदम सोडा, हे थोडा वेळ करा आणि लगेच संवाद म्हणा. आवाजात फरक पडतोच. त्यानंतर उभं राहून दोन-तीन संथ श्वास घ्यायचे, अंग झटकायचं आणि मगच पुढच्या प्रवेशाला जायचं.

पार्ट तोंडपाठ आहे, तरी दिग्दर्शक म्हणतात, ‘आतून येत नाही’. म्हणजे काय?

नव्वद टक्के वेळा याचा अर्थ तुम्ही ऐकत नाही एवढाच असतो. समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघणं आणि ते ऐकणं यात फरक आहे, आणि तो लांबूनही दिसतो. एक तालीम अशी करा की समोरच्याच्या वाक्यातला ज्या शब्दाने तुम्हाला टोचलं तो शब्द मोठ्याने पुन्हा उच्चारायचा आणि मगच आपलं वाक्य म्हणायचं. कंटाळवाणं वाटेल, पण दुसऱ्या दिवशी तुमच्या वाक्यांना कारण मिळालेलं असेल.

दुसरी शक्यता पाठांतराची आहे. पुष्कळ जण सूर लावूनच पाठ करतात. मग तो सूर निघता निघत नाही.

वाक्याचा शेवट ऐकू येत नाही असं सगळे सांगतात. उपाय?

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो. ‘मी त्याला या घरात पाऊल ठेवू देणार नाही’ यातला ‘नाही’ गिळला तर अर्थ उलटा होतो. आणि नेमका तिथेच आपला श्वास संपलेला असतो, कारण सगळा जोर ‘मी त्याला’वर खर्च झालेला असतो.

वाक्य शेवटाकडून बांधा. आधी फक्त ‘नाही’ म्हणा. मग ‘देणार नाही’. मग ‘पाऊल ठेवू देणार नाही’. असं मागे मागे जात पूर्ण वाक्य म्हटलं की जोर आपसूक शेवटाकडे वाहतो. लांब स्वगतात श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलीने खुणा करून ठेवा. स्वल्पविराम छापलाय म्हणून तिथेच श्वास घ्यायचा असं काही नाही, विचार वळतो तिथे घ्यायचा. गंमत अशी की हे निव्वळ आवाजाचं काम केल्यावर पुष्कळांना पात्राचा हेतू पहिल्यांदा कळतो, कारण हेतू क्रियापदातच दडलेला असतो.

आम्ही घरी कोंकणी बोलतो, नाटक मराठी. भाव कृत्रिम वाटतात. काय करावं?

गोव्यातल्या नटाचा हा खरा प्रश्न आहे आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. राग येतो तो कोंकणीतून, प्रेम येतं ते कोंकणीतून. मग संवादापाशी येऊन माणूस थबकतो आणि ‘मराठी बोलायला’ लागतो.

भूमिका समजून घेण्याचं काम कोंकणीतच करा. पात्राच्या मनात काय चाललंय ते वहीत कोंकणीत लिहा. अवघड प्रवेश एकदा संहिता बाजूला ठेवून दोघांनी कोंकणीत करून बघा, घरात भांडतात तसा. कुठे आवाज चढला, कुठे दोघं गप्प झाले, कोण कुणाच्या अंगावर गेलं ते तिसऱ्याने टिपून ठेवायचं. लगेच तोच प्रवेश मराठीत घ्या, आणि त्या चढउताराला, त्या गप्प बसण्याला हात लावू नका.

उच्चारांचं काम वेगळं आणि वेगळ्या वेळी. कोंकणीतला ‘अ’ गोल असतो, तो ‘घर’, ‘मन’, ‘सगळं’ अशा शब्दांत डोकावतो. अनुनासिकही जास्त येतात, वाक्याला एक हेल असतो. पेशवाईतला सरदार करताना हे काढावं लागेल, त्यासाठी रोज थोडं मोठ्याने वाचन हवं. पात्र डिचोलीचं किंवा काणकोणचं असेल तर मात्र हेल राहू द्या. तो पुसून टाकला तर पात्राचा पत्ताच पुसला जातो.

जत्रेच्या ऐतिहासिक-पौराणिक नाटकात हे सगळं कसं चालणार? तिथे तर मोठ्यानेच करावं लागतं.

मोठ्याने करावं लागतं, खोटं करावं लागत नाही. बाहेर खाज्यांची दुकानं, फटाके, लहान मुलं; वर टांगलेला माईक; नाटक उजाडेपर्यंत चालायचं. अशा ठिकाणी चित्रपटातलं कुजबुजणं कुणापर्यंत पोचेल? हात मोठा उठेल, पॉज लांब असेल, पल्लेदार वाक्याला टाळी येईल आणि ती टाळी घेऊन पुढे जावं लागेल. पण संभाजीला त्या क्षणी काय हवंय हा प्रश्न तोच राहतो. मोठेपणा पोकळ वाटतो तो हेतू नसला म्हणून.

पेडण्याकडचे आणि सिंधुदुर्गातले दशावतारी कलाकार मन लावून बघा. त्यांच्याकडे लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं, चेहरा स्वतःच रंगवायचा आणि संवाद जागेवर सुचतील तसे बोलायचे. राजाची चाल, राक्षसाचा प्रवेश, लढाईची पावलं मात्र परंपरेने बांधलेली. भजनात पखवाजाचा ठेका पक्का असला की गाणारा मोकळा होतो, तसंच हे. त्या बांधलेल्या पावलांमुळेच त्यांना समोरच्याच्या शब्दाला तिथल्या तिथे उत्तर देण्याची मोकळीक मिळते. मोठ्या शैलीत खरं कसं राहायचं हे शिकायला यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही, आणि ती आपल्या दाराशी आहे.

आमचा स्पर्धेतला प्रयोग एकच असतो. भूमिका मुरायला वेळच मिळत नाही.

मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नटाला एकाच नाटकाचे कितीतरी प्रयोग मिळतात. पहिल्या प्रयोगातली चूक दहाव्यापर्यंत दुरुस्त होते. आपल्याकडे तिसरी घंटा होते आणि जे आहे ते तेवढंच. म्हणून आपल्याला तंत्राची गरज त्यांच्याहून जास्त आहे. ‘त्या दिवशी मूड लागला तर बघा’ हे एका प्रयोगाच्या नटाला परवडत नाही.

त्यावर मार्ग असा: शेवटच्या आठवड्यात तुकडे घासणं बंद करा आणि रोज पूर्ण नाटक न थांबता करा. चुकलं तरी थांबायचं नाही. एकदोनदा वाड्यावरची अनोळखी माणसं बोलावून बसवा. जागा, हालचाली, पॉज तेच ठेवायचे, पण दर रात्री मनातला प्रश्न बदलायचा. वरच्या ट्रकच्या प्रसंगात: आज मुलगा नक्की थांबवेल असं मला वाटतंय, उद्या मला त्याची भीती वाटतेय. बाह्य रूप पक्कं आणि आतलं ताजं राहण्याची ही सवय लागली की सभागृहातल्या प्रकाशात माणूस बावरत नाही.

वेशभूषेसाठी रंगीत तालमीची वाट बघू नका. जिरेटोप, नऊवारी, जड जोडे यांची नक्कल आधीपासून अंगावर असू द्या. आहार्य हेही अभिनयाचंच अंग आहे. डोक्यावरचं वजन मान बदलतं, आणि मान बदलली की माणूस बदलतो.

समोरचा कलाकार काहीच देत नाही. माझी भावना एकट्याने कशी टिकवू?

तो जे देतोय तेच घ्या. तो थंड असेल तर तुमच्या पात्रासमोर एक थंड माणूस उभा आहे, आणि त्याला हलवणं अधिक कठीण आहे, झालं. त्याला तालमीत शिकवायला जाऊ नका, ते दिग्दर्शकाचं काम.

प्रयोगानंतर भूमिका डोक्यातून जात नाही.

रंग स्वतःच्या हाताने काढा, घाई न करता. पात्राच्या वस्तू घरी नेऊ नका. मंडळींबरोबर जेवा. बहुतेकांना एवढं पुरतं. झोप जात असेल किंवा दिवसेंदिवस मन जड राहत असेल तर डॉक्टरांशी बोला, त्यात कमीपणा नाही.

पाठांतर कधी आणि कसं संपवावं?

हालचाली बसवायला घेण्याआधी पहिला अंक, आणि निम्म्या तालमी होईपर्यंत सगळं. हातात कागद असताना हेतूही सुचत नाही आणि हातही मोकळे नसतात. पाठ करताना सपाट करा, सूर न लावता, भांडी घासताना, स्कूटर चालवताना, शेतात. सूर समोरच्याकडून घ्यायचा आहे, त्याची जागा रिकामी ठेवा. आणि विंगेतून विसरलेली वाक्यं सांगणाऱ्या प्रॉम्प्टरला तुमचे पॉज आधीच दाखवून त्याच्या प्रतीत खुणा करून द्या. नाहीतर ट्रकच्या प्रसंगातल्या बाबाच्या हातात पेन येऊन तो मुलाकडे बघत असताना विंगेतून पुढचं वाक्य येईल आणि पहिल्या तीन रांगांना स्वच्छ ऐकू जाईल.